वीस टक्के पिवळा

लाइट गेली आणि धोंडिराम वैतागून हातातला कागद घेऊन दारात उजेडाला आला, एवढंच निमित्त. शुक्रवार पेठेतल्या त्या छापखान्यात भर दिवसाही ट्यूबच्या उजेडातच काम चालायचं. लाइट गेली की आत डोळ्यात बोट घातलं तरी दिसत नसे. बाहेर मार्चचं ऊन मोकाट पडलेलं. त्यानं कागद दोन्ही हातांत ताणून धरला, एक डोळा बारीक केला. लग्नपत्रिका होती, वरच्या कडेला झेंडूचं तोरण. झेंडू बरा उतरलाय, म्हणाला तो स्वतःशीच, आणि त्याची नजर कागदावरून घसरून कागद धरलेल्या अंगठ्यावर आली. अंगठ्याचं नख पिवळं होतं. लागली असेल शाई. उभा जन्म शाईत हात घालणाऱ्याला त्याचं काय? त्यानं खिशातली चिंधी काढली. टॉवेलच्या कारखान्यातून या चिंध्या पोत्यानं यायच्या, आणि मशीन पुसायच्या वॉशनं ही अजून ओली होती. त्यानं नख पुसलं. मग घासलं. मग दुसऱ्या हाताची नखं बघितली. आणि तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की पिवळा तर परवाच छापून झालाय, आज सकाळपासून मशीनवर काळा चढलाय. दारात मालकाची स्कूटर उभी होती. तो वाकला आणि तिच्या आरशात त्यानं आपला डोळा बोटानं ताणून बघितला. रंगाचा अंदाज चुकायचा नाही त्याचा, उभ्या सोलापुरात नाव होतं. पांढऱ्या कागदावर वीस टक्के पिवळा टाकला की जसा दिसतो तसा त्याच्या डोळ्याचा पांढरा भाग दिसत होता. आतून सुमित ओरडला, “बाबा, लाइट आली की! या आत, ऊन लागंल.” धोंडिरामनं चिंधी खिशात कोंबली आणि तो आत गेला. दार त्यानं सवयीनं मागं ओढून घेतलं.

दिवसभर तो काम करत राहिला, पण डोक्यात ज्ञानबा घुसला होता. ज्ञानबा म्हणजे त्याचा जोडीदार, याच मशीनच्या पलीकडच्या स्टुलावर बसणारा. एकदा असाच पिवळा पडत गेला. आधी खाज. मशीनवर कागद लावता लावता पाठ भिंतीला घासायचा, आणि धोंडिराम त्याची थट्टा करायचा, “काय रे म्हशी, गोठा सापडंना व्हय?” ज्ञानबा हसायचा. त्याच्या बायकोनं, म्हाळसाबाईनं, अक्कलकोटच्या पलीकडून कुणाकडून काविळीची माळ आणली होती, मुळ्यांच्या बारक्या तुकड्यांची. ती डोक्यावर ठेवायची. कावीळ उतरेल तशी माळ सैल होत खाली येते म्हणत. माळ खरंच गळ्यापर्यंत आली, खांद्यावरून उतरली, छातीवर आली, आणि सगळ्यांना हुरूप आला. ज्ञानबा मात्र पिवळ्याचा हिरवट होत गेला. शेवटी डॉक्टरांकडे नेलं तेव्हा पहिला प्रश्न, पितो का? ज्ञानबा माळकरी माणूस, गणपतीच्या वर्गणीतला वडा खाताना सुद्धा त्यात कांदा आहे का विचारणारा. नाही म्हणाला. पुन्हा विचारलं. मग गल्लीतले विचारू लागले. मग मेल्यावर तर काय, लोकांनी ठरवूनच टाकलं, लपून पीत असणार, लिव्हर सडलं. आणि धोंडिरामच्याही मनात, खोटं कशाला, एक बारीक शंका येऊन गेली होती. एवढ्या वर्षांचा जोडीदार, एका डब्यात जेवलेला, त्याच्या तोंडाचा वास आपल्याला माहीत नव्हता का? पण त्या खोलीत कुणाच्या तोंडाचा वास कुणाला येणार होता! तिथं एकच वास होता, वॉशचा.

गोडसर वास. वाईट मुळीच नव्हे, हेच तर त्यातलं दुखणं. आधी घासलेटनं मशीन पुसायचे, तेव्हा डोकं धरायचं, हात तेलकट राहायचे, मशीनच्या रोलरवरचं रबरी ब्लँकेट वाळायला वेळ लागायचा. मग कधीतरी निळ्या कॅनमधून हे पाण्यासारखं वॉश आलं. कॅनवर ना नाव ना गाव. चिंधीवर ओतावं, ब्लँकेटवरून एक हात फिरवावा की शाई साफ, आणि पुसलेलं डोळ्यादेखत उडून जायचं. एका रंगाचं मशीन, म्हणजे रंग बदलला की सगळं धुवून काढायचं. पिवळ्यानंतर मजेंटा, मग निळा, मग काळा, दिवसभर धुणंच धुणं. संध्याकाळी हात धुवायलाही तेच. साबणाला शाई दाद देत नाही. सुमित लहान असताना शाळा सुटली की दप्तर घेऊन छापखान्यात यायचा, मशीनखालचे रंगीत कागद गोळा करायचा आणि कोपरापर्यंत शाईत बरबटायचा. मग घरी नेण्याआधी धोंडिराम त्याला मांडीवर घ्यायचा, चिंधी भिजवायचा आणि त्याचं एकेक बोट पुसायचा. पोरगं चिंधी नाकाला लावायचं. “बाबा, तुमचा वास येतोय,” म्हणायचं. घरी त्याची बायको पारूबाई चिडायची, त्या वासाचा शर्ट वेगळा धुवायची. पण धोंडिराम कुठं बाहेरगावी गेला की पोरगं तोच शर्ट उशाला घेऊन झोपायचं. आणि तो हे चारचौघांत अभिमानानं सांगायचा. आपल्या पोराला आपला वास आवडतो याचं कुठल्या बापाला कौतुक वाटणार नाही?

पारूबाईनं पहिल्या दिवशीच ओळखलं, जेवताना. “डोळं बघू तुमचं,” म्हणाली आणि ताट तसंच ठेवून उठली. दुसऱ्या दिवशी तिनंही माळच आणली. कुणी सांगितलं, कुठून आणली, देव जाणे. विहारात जाणारी, पोराला शिकवणारी बाई, पण कावीळ म्हटलं की तिच्यातलं गाव जागं होतं. धोंडिरामनं माळ हातात घेतली. त्याला ज्ञानबाची छाती आठवली. “हे नको,” तो म्हणाला, “ही माळ वाळंल तशी आपोआप सैल हुती गं. कावीळ न्हाय उतरत.” हे आपल्याला कधी कळलं याचं त्याचं त्यालाच नवल वाटलं. बहुतेक ज्ञानबाला खांदा देताना कळलं होतं आणि कुठंतरी तसंच पडून राहिलं होतं. पारूबाई भिंतीला टेकून बसली आणि पदर तोंडात धरून रडली. तो तिच्याकडं बघत नुसता दंड खाजवत राहिला.

दवाखान्यातली डॉक्टरीण तरुण होती. ऋतुजा नाव, बोलायला अकलूजकडची वाटली. तिनं पोटाचे फोटो उजेडाला धरले तसा धोंडिराम जरा सैलावला, कारण फोटो उजेडाला धरणारी माणसं त्याला आपली वाटायची. पित्त वाहून नेणारी नळी असते, ती म्हणाली, लिव्हरमधून आतड्यात जाणारी. त्या नळीत गाठ आहे, वाट अडलीय, म्हणून पित्त रक्तात उतरलंय. नळीत नळी घालू, पिवळेपणा उतरेल, खाज थांबेल. गाठ? त्यानं विचारलं. गाठ पसरलीय काका, कापून निघणार नाही. मग तिनं कागद बाजूला ठेवले आणि असं काही विचारलं, जे ज्ञानबाला कुणी विचारलं नव्हतं.

“काय काम करता तुम्ही?”

“छापखान्यात. ऑफसेटला.”

“मशीन कशानं पुसता?”

त्यानं सांगितलं. वास कसा असतो, तिनं विचारलं. गोड, तो म्हणाला. खोली केवढी, खिडकी आहे का? “हाय की. पण बंद हाय,” तो म्हणाला, आणि का बंद हे सांगताना त्याला उगाच हुरूप आला, आपल्या कामातलं कुणी विचारलं की यायचा तसा. छापखान्याच्या मागच्या गल्लीत यंत्रमाग. दिवसभर खटखट, आणि हवेत सुताचं तूस. खिडकी उघडी ठेवली की तूस आत येणार, ओल्या शाईवर बसणार, प्लेटवर चिकटणार, आणि मग कागदावर बारीक पांढरे ठिपके, भोवती कडं. हिकी म्हणतात आमच्यात. एक हिकी नवरीच्या गालावर पडली की सगळी पत्रिका परत. म्हणून आम्ही खिडकीला प्लाय मारली. थोरल्या मालकांना सांगून मीच मारून घेतली. सोलापुरात बिनडागाची छपाई कुठं मिळते, तर आमच्याकडं. डॉक्टरीण ऐकत होती. तिच्या चेहऱ्याकडं बघता बघता धोंडिरामचा आवाज बारीक होत गेला.

“शपथेवर नाही सांगता येणार मला,” ती म्हणाली. “पण जपानमध्ये एका छापखान्यात असंच झालं होतं. बंद खोली, असलंच वॉश. जवान माणसांना हाच आजार झाला, एकामागोमाग. तिथं कुणीतरी मोजलं म्हणून कळलं. आपल्याकडं कुणी मोजलेलंच नाही.” मग ती खुर्ची ओढून पुढं सरकली. “तुमच्या खोलीत अजून कोण काम करतं, काका?”

धोंडिरामनं तोंड उघडलं. ज्ञानबा, असं म्हणायला तोंड उघडलं होतं त्यानं. ज्ञानबा मेल्यावर स्टूल रिकामं पडलं. सुमित बी. कॉम. होऊन घरी बसलेला, आणि तो स्वतः थोरल्या मालकांच्या पुढ्यात हात जोडून उभा राहिला होता, माझ्या पोराला घ्या, मी घडवतो त्याला. घडवला की! रंग त्यानं बापापेक्षा लवकर उचलला. त्याच स्टुलावर. “पोरगा,” तो म्हणाला. दाराबाहेर सुमितच उभा होता, पाण्याची बाटली घेऊन. डॉक्टरीणबाईंनी त्याला आत बोलावलं, आणि समजावून सांगितलं सगळं, हळूच, एकेक करून. खिडकी उघडा. वारा बाहेर फेकणारा पंखा लावा. ते वॉश बंद करा, दुसरं मिळतं. हातमोजे घाला. आणि तुमचं रक्त तपासून घ्या, पोटाची सोनोग्राफी करून घ्या, दरवर्षी. आजार झाल्यावर माझ्या हातात फार काही नसतं, होण्याआधीच जे करायचं ते. सुमित मान डोलावत होता. धोंडिरामला त्याचा डोलणारा कान तेवढा दिसत होता, आणि त्या कानात काहीही शिरत नाहीये हे त्याला स्वच्छ कळत होतं.

तसंच झालं. पोरगं मुंबईला न्यायचं म्हणून फोनवर फोन करत सुटलं, कुणाच्या ओळखीनं कुणाला गाठू लागलं. बापाची नळी, बापाची खाज, बापाची पेज. रात्री खोबरेल घेऊन बापाची पाठ चोळत बसायचं. “सुम्या, तुजं रक्त?” धोंडिराम विचारायचा. “मला काय धाड भरलीय? आधी तुमचं बघू.” “मी संपलो बाळा. तू तपास.” मग सुमितचा हात पाठीवर थांबायचा, आणि तो उठून बाहेर जायचा. पुन्हा तो विषय काढायची सोय नसायची. आपण मरतोय म्हणूनच पोरगं आपलं ऐकत नाही, हे धोंडिरामला हळूहळू उमगत गेलं. आपण धडधाकट असतो तर त्याच्या कानाखाली आवाज काढून नेला असता. आता प्रत्येक वाक्यात आपलं मरणच आधी पुढं येतं, आणि पोरगं त्याच्याकडं बघत बसतं, मागून येणारं त्याला दिसतच नाही. धाकट्या मालकांशी, महेश्वरशी, तो फोनवर बोलला. महेश्वर वाईट नव्हता. स्वतः त्याच वासात दिवसभर बसायचा, बिलं लिहायचा. “मामा, तुम्ही म्हणताव ते खरंय. पंखा बसवू की. वॉशबी बदलू. जयंतीची गर्दी तेवढी सरू दे.” जयंतीची गर्दी. होय, ती असणारच. एप्रिल उजाडला होता.

नळी बसवल्यावर पिवळा थोडा उतरला, मग पुन्हा चढला. एका दुपारी पारूबाई डोळा लागून पडली होती. धोंडिराम उठला, रिक्षा केली आणि छापखान्यात गेला. जिना नव्हता हे बरं. दार उघडलं तसा तो वास त्याच्या अंगावर आला आणि शरम वाटावी इतकं त्याला बरं वाटलं. घरी आल्यासारखं. पोट दुखायचं क्षणभर राहिलं. महेश्वर जेवायला गेला होता. सुमित उघड्या हातानं ब्लँकेट पुसत होता, हातमोजे खिळ्याला टांगलेले. मोज्यात कागदाची कड कळत नाही, बापानंच शिकवलेलं. मशीनवर निळा चढला होता. जयंतीचं पोस्टर, मोठं, बाबासाहेबांचा चेहरा पानभर. धोंडिरामनं खणातून पेचकस काढला आणि तो मागच्या खिडकीशी गेला. “बाबा! बाबा, तुमी कशाला आलाव? आईला सांगितलं का?” पेच गंजले होते. त्याच्या हातात बळ नव्हतं, पण दोन निघाले, आणि मग प्लायच त्यानं दोन्ही हातांनी धरून अंगाच्या वजनानं ओढली. ती उरलेल्या पेचांसकट उपटून खाली आली.

उजेड आत आला. उत्तरेचा, थंड, सरळ उजेड; याच उजेडात पूर्वी तो आणि ज्ञानबा रंग तपासायचे, खिडकी बुजवायच्या आधी. खोलीतलं सगळं त्याला पहिल्यांदा बघितल्यासारखं दिसलं. भिंतींवरचा थर, निळे कॅन, ज्ञानबाचं स्टूल. आणि सुमितचा चेहरा. तो त्या चेहऱ्याकडं, त्या डोळ्यांकडं टक लावून बघत राहिला. पांढरे होते का? पांढरेच वाटले. की पाच टक्के? पाच टक्के पिवळा आपल्यालाही चटकन कळत नाही. आता तर त्याच्या स्वतःच्याच डोळ्यांवर भरवसा नव्हता, पिवळ्या डोळ्यांना पांढरा काय कळणार! वारा आला. वाऱ्याबरोबर मागांची खटखट आली, आणि तूस आलं, उजेडात तरंगत, निवांत, सगळ्या खोलीभर.

मशीन पुन्हा चालू झालं होतं. सुमितनं एक कागद उचलला, दुसरा उचलला. “बाबा, हिकी पडायलीत.”

“पडू दे.”

“बाबासाहेबांच्या कपाळावर पडायलीत!” सुमितचा आवाज फाटला. त्यानं कागद बापापुढं धरला. कपाळावर पांढरा ठिपका, भोवती कडं. दुसरा डोळ्याखाली. “तुमीच शिकवलाव न्हवं? दुसऱ्या कशावर डाग चालंल, या चेहऱ्यावर न्हाय. काय तोंड दाखवू वस्तीत?”

धोंडिरामनं हात पुढं केला, त्या कपाळावरून तूस उचलायला. शाई ओली होती. निळा पुसला गेला, चेहरा फिसकटला आणि बोटं निळी झाली. त्याला म्हणायचं होतं की बाळा, ज्यांचा हा चेहरा त्यांनी शिका म्हणून सांगितलं, श्वास कोंडून मरा म्हणून नाही. त्याला म्हणायचं होतं, एक वर्ष डागाचं छाप, कुणी मरत नाही डागानं. पण त्याला उमासा आला आणि तो स्टुलावर बसला. त्याला हेही कळलं की पोराच्या जागी आपण असतो तर आपणही हेच म्हणालो असतो, अगदी याच शब्दांत, आणि याच आवाजात.

सुमितनं मशीन थांबवलं. प्लाय उचलली, खिडकीला लावली आणि पेच हातानंच बसवले, पिळून पिळून. उजेड गेला. मग तो बापासमोर उकिडवा बसला. रागावलेला नव्हता, डोळे भरले होते त्याचे. “बाबा,” तो म्हणाला, “जयंती झाली की काढू ही. तुमची आण. मी सवता काढतो. तपासतोबी.” त्यानं चिंधी भिजवली, बापाचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि एकेक बोट पुसायला लागला. गोड वास दोघांच्या मधे उभा राहिला. धोंडिरामनं हात ओढून घ्यायला हवा होता. त्याला ते जमलं नाही. किती दिवसांनी पोरानं हात हातात घेतला होता. निळा चटकन निघाला, आणि खालून नखं वर आली, पिवळी. सुमित थबकला. मग त्यानं नखं घासायला सुरुवात केली, आधी हळू, मग जोरात, मान खाली घालून.

“सुम्या, न्हाय निघत ते.”

“निघतंय,” सुमित म्हणाला. त्यानं कॅन ओढला, चिंधी पुन्हा भिजवली, आणि दाराच्या फटीतून तूस येत होतं म्हणून उठून दारही लावून घेतलं.